पँटन खुर्ची

पँटन खुर्ची : एकाच साच्यातून निघणारी, कुठेही सांधा नसलेली आणि मागचे पाय नसलेली प्लॅस्टिकची खुर्ची. डॅनिश वास्तुविशारद व अभिकल्पकार व्हेर्नर पँटन (१३ फेब्रुवारी १९२६–५ सप्टेंबर १९९८) यांची ही रचना. बाजूने पाहिल्यास ती ‘एस’ या रोमन अक्षरासारखी दिसते. पाठ, बैठक आणि तळ ही एकाच पट्ट्याची सलग वळणे असून बसणाऱ्याचा भार पुढच्या वळणावरून जमिनीकडे उतरतो. बैठकीची मागची बाजू अधांतरी राहते. अशा रचनेला कॅन्टिलिव्हर म्हणतात.

खुर्चीच्या जन्मवर्षाबद्दल एकवाक्यता नाही. काही ठिकाणी १९५९ वा १९६० हे वर्ष दिले जाते, तर काही ठिकाणी १९६७. पहिले आकडे रेखाटने व पूर्ण आकाराचा नमुना यांना धरून आहेत. त्या नमुन्यावर बसता येत नव्हते. बसण्याजोगी खुर्ची १९६७ मध्ये व्हिट्रा या स्विस कंपनीच्या सहकार्याने तयार झाली, त्याच वर्षी ‘मोबिलिया’ या डॅनिश नियतकालिकात झळकली आणि १९६८ च्या आरंभी कोलोनच्या फर्निचर मेळ्यात मांडली गेली. कल्पनेचे वर्ष आणि वस्तूचे वर्ष वेगळे धरणेच रास्त; या खुर्चीची खरी अडचण आकार सुचण्यात नव्हती, तो उभा राहण्यात होती.

आकाराचे पूर्वसूरीही सांगितले जातात : जर्मनीतील हाइन्त्स व बोडो राश या बंधूंची १९२७ ची लाकडी खुर्ची, डच अभिकल्पकार हेरिट रीटव्हेल्ट यांची चार सपाट फळ्यांची ‘झिग-झॅग’ (१९३० नंतरची) आणि खुद्द पँटन यांची प्लायवुडची ‘एस’ खुर्ची (सु. १९५६). ‘एका तुकड्यातली पहिली प्लॅस्टिक खुर्ची’ हे बिरुद मात्र तपासून घ्यावे लागते. जर्मन वास्तुविशारद हेल्मुट बेट्सनर यांची बोफिंगर खुर्ची १९६६ मध्येच लोकांसमोर आली होती आणि तीही एकसंध होती; पण तिला चार पाय होते. म्हणून ‘एकसंध प्लॅस्टिकची पहिली कॅन्टिलिव्हर खुर्ची’ एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित.

प्लॅस्टिक हे पोलाद किंवा लाकूड यांच्यापेक्षा लवचिक. सपाट पट्टी वाकवून ही खुर्ची केली असती, तर ती बसताक्षणी दबली असती. तिला ताठपणा येतो तो दुहेरी वक्रतेमुळे (पृष्ठभाग एकाच वेळी दोन दिशांनी वळलेला असल्यामुळे) आणि दुमडलेल्या कडांमुळे. कडेवरून बोट फिरवले की बैठकीपासून तळापर्यंत उतरत गेलेला हा काठ जाणवतो. सर्वाधिक ताण पुढच्या वळणावर येतो, आणि उत्पादनाचा सारा इतिहास या एका वळणाभोवती फिरतो.

पहिल्या शे-दीडशे खुर्च्या काचतंतूंनी बळकट केलेल्या पॉलिएस्टरच्या होत्या. त्यांना हातमेहनत फार लागे. १९६८ पासून कठीण पॉलियुरेथेन फेस वापरात आला. त्याचा पृष्ठभाग घासून, भरून, वर लॅकर (चकचकीत रंगलेप) द्यावे लागे. १९७१ च्या सुमारास इंजेक्शन मोल्डिंगने (वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरून) घडवता येणारे ल्युरान-एस हे रंगीत प्लॅस्टिक आले. रंगकाम वाचले, किंमत उतरली, पण पुढच्या वळणाखाली आधाराच्या बरगड्या घालाव्या लागल्या. जुनी खुर्ची उलटी करून या बरगड्या दिसल्या, तर ती बहुधा याच काळातली. हे द्रव्य काळाबरोबर ठिसूळ होऊन तडकू लागले आणि १९७९ मध्ये उत्पादन थांबले. १९८३ पासून पुन्हा पॉलियुरेथेनच्या खुर्च्या निघाल्या. १९९९ मध्ये, पँटन यांच्या निधनानंतर वर्षभराने, पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकची आवृत्ती आली. स्वस्त आणि मोठ्या संख्येने निघणारी खुर्ची हे त्यांचे उद्दिष्ट तिने गाठले. मधल्या काळात, जानेवारी १९९५ च्या ब्रिटिश ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर मॉडेल केट मॉस या खुर्चीवर बसलेली दिसली होती.

आजच्या अंतर्गत सजावटीत ही खुर्ची जेवणाच्या टेबलाभोवती सर्रास दिसते. तिचे सौंदर्य बाजूच्या रेषेत आहे. चारही बाजूंनी टेबलाखाली सारून ठेवली की ते झाकले जाते. जाड लाकडी टेबल, साधी भिंत आणि मोकळी जमीन यांच्या सान्निध्यात एक-दोन खुर्च्याही पुरतात. सहा खुर्च्या सहा रंगांत घेण्यापेक्षा एकच रंग घ्यावा, म्हणजे आकार बोलतो. तळ मागे पसरलेला असल्याने चार पायांच्या खुर्चीपेक्षा ती जमिनीवर जास्त भरीव दिसते, हे अरुंद खोलीत ध्यानात ठेवावे.

चकचकीत लॅकरची आवृत्ती घरातच वापरावी. तिच्या काठाला टवका उडाला की आतला फेस उघडा पडतो. पॉलिप्रोपिलीनची खुर्ची मॅट असते आणि रंग आरपार असल्याने तिच्यावरचा ओरखडा त्याच रंगाचा राहतो. ती बाहेर ठेवता येते, मात्र सततच्या उन्हात तिचाही रंग उतरतो.