विशारद झाली म्हणजे संगीतात बी.ए. झाली का?

गाण्याच्या क्लासबाहेर पालकांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो आणि त्याचं उत्तर बहुतेकदा चुकीचं दिलं जातं. उत्तर आहे, नाही. विशारद ही परीक्षा आहे, बी.ए. ही पदवी. यात विशारदला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. गाण्याची तयारी पाहिली, तर चांगला विशारद एखाद्या बी.ए.वाल्याला सहज मागे टाकेल.

महाराष्ट्रात विशारद म्हटलं की बहुतेकांना अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळच आठवतं. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ उभं केलं. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद प्रत्येकी दोन टप्प्यांत, अशा सात पायऱ्या. त्यापुढे अलंकार. शिकायचं आपापल्या गुरूंकडे. मंडळाच्या केंद्रावर परीक्षक गाणं ऐकतात, लेखी पेपरही असतो. त्यामुळे इंजिनीअरिंग करता करताही विशारद होता येतं. (चंदीगडच्या प्राचीन कला केंद्राचीही विशारद आहे, प्रयाग संगीत समितीची प्रभाकर आहे. प्रमाणपत्र कुणाचं, हे आधी बघा.)

मात्र १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तो अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. म्हणून स्पर्धा परीक्षेच्या अर्जात ‘पदवीधर’ या रकान्यात विशारद लिहून भागत नाही. संगीत शिक्षकाच्या काही जागांना ती चालते, पण ते त्या त्या जाहिरातीत वाचूनच ठरवावं.

विद्यापीठात काय वेगळं मिळतं? इतिहास, सौंदर्यशास्त्र, इतर विषयांचे श्रेयांक, हजेरी हे सगळं आहेच. पण माझ्या मते खरी मिळकत वेळेची. कॉलेज सांभाळून रात्री तासभर तानपुरा लावणं वेगळं आणि सकाळपासून गाणं हेच काम असणं वेगळं. शिवाय आजूबाजूला तबलजी, नर्तक, नाटकवाले असतात, आणि ठेक्याबरोबर रोज गायला मिळालं की लय अंगात मुरते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राच्या तर नावातच गुरुकुल आहे. गुरूकडची तालीम तिथे पदवीचाच भाग धरली आहे. बडोद्याला सयाजीरावांनी १८८६ मध्ये काढलेली संगीतशाळा पुढे विद्यापीठात सामावली गेली. खैरागडला १९५६ पासून अख्खं विद्यापीठच संगीत आणि कलांसाठी आहे.

पण कोऱ्या पाटीनं विद्यापीठात शिरलेल्याला तीन-चार वर्षं अपुरीच पडतात. राग जरा उलगडू लागतो आणि सत्र संपतं. विशारदच्या वाटेवर दुसरा धोका: बंदिश, दहा आलाप, दहा ताना पाठ करायच्या आणि परीक्षकांनी त्याबाहेरचं एक वळण मागितलं की गप्प बसायचं. हा दोष परीक्षेपेक्षा क्लासवाल्यांच्या घाईचा जास्त आहे.

प्राध्यापक व्हायचं असेल, तर विद्यापीठाला पर्याय जवळजवळ नाही. नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेसाठी एम.ए.ला खुल्या गटात ५५ टक्के लागतात. आकाशवाणीच्या ‘ए’ श्रेणीच्या कलाकारांसाठी आयोगाच्या २०१८ च्या नियमांत वेगळी वाट आहे, पण ती श्रेणी मिळवणं एम.ए.पेक्षा सोपं नाही.

ज्यांनी बी.एस्सी. किंवा बी.कॉम. करता करता विशारद पूर्ण केली, त्यांना मात्र पुन्हा बी.ए.पासून सुरुवात करावी लागेलच असं नाही. काही विद्यापीठं कोणतीही पदवी आणि संगीताची अशी परीक्षा यांवर एम.ए.ला प्रवेश देतात. नियम जागोजागी वेगळे, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक मागवा. आणि प्रवेशाच्या वेळी बहुतेक ठिकाणी समोर बसवून गायला लावतात, तेव्हा एक विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल नीट तयार ठेवा.