मार्जोरी जॅक्सन की बेटी कथबर्ट? दोघींच्या ११.५ सेकंदांचा घोळ

क्विझमध्ये हमखास फसवणारा प्रश्न: ऑलिम्पिकमध्ये १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकणारी, १०० मीटरची फायनल ११.५ सेकंदांत मारणारी ऑस्ट्रेलियन धावपटू कोण? उत्तरं दोन आहेत. १९५२ ची मार्जोरी जॅक्सन आणि १९५६ ची बेटी कथबर्ट. वेळसुद्धा तीच, म्हणून चांगले जाणकारही एकीची पदकं दुसरीच्या गळ्यात घालतात.

मार्जोरी लिथगोची. सिडनीच्या पश्चिमेला, डोंगरापलीकडचं कोळशाच्या खाणींचं गाव. १९४९ मध्ये तिने सिडनीत फॅनी ब्लँकर्स-कोएनला हरवलं; लंडन ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णं मिळवून आलेल्या फॅनीला! त्यानंतर गावाने तिच्यासाठी ट्रॅक तयार केला. रात्री धुकं उतरलं की मोटारींचे दिवे लावायचे आणि त्या उजेडात ही पळायची. ‘लिथगो फ्लॅश’ हे नाव तिचंच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तिने दोन सुवर्णं घेतली, आणि ती ट्रॅकवरच्या सुवर्णाची मानकरी ठरलेली पहिली ऑस्ट्रेलियन महिला. तिसरं सुवर्ण मात्र अक्षरशः हातातून निसटलं. रिलेमध्ये ऑस्ट्रेलिया पुढे होती, शेवटचा टप्पा मार्जोरीचा. संघातल्या विन्सम क्रिप्सने बॅटन, म्हणजे पुढच्या धावपटूच्या हाती द्यायची कांडी, दिला, मार्जोरीने घेतलाही, पण क्रिप्सचा गुडघा तिच्या हाताला लागला आणि बॅटन खाली. उचलून धावली तरी संघ पाचवा.

बेटीची गोष्ट वेगळीच. सिडनीजवळ एर्मिंग्टनला घरची रोपवाटिका, आणि शाळेतल्या शिक्षिका जून फर्ग्युसन याच प्रशिक्षक. संघात निवड होईल अशी खात्री नव्हती, म्हणून पोरीने मेलबर्न ऑलिम्पिकची प्रेक्षक म्हणून तिकिटं काढून ठेवली होती! मग सप्टेंबर १९५६ मध्ये २०० मीटर २३.२ सेकंदांत धावून तिने विश्वविक्रम केला. मोडलेला विक्रम कुणाचा? मार्जोरीचा, २३.४. दोघींची खरी गाठ इथे पडते. ऑलिम्पिकमध्ये त्या कधी समोरासमोर आल्याच नाहीत, कारण मार्जोरी १९५४ नंतर थांबली. मेलबर्नला अठरा वर्षांची बेटी तोंड उघडं टाकून, गुडघे उंच उचलत पळाली आणि रिलेसकट तीन सुवर्णं घेऊन गेली. ‘गोल्डन गर्ल’ ती ही.

दोघींना वेगळं ओळखायची रिले ही एक खूण झाली. माझ्या मते त्याहून पक्की खूण म्हणजे ४०० मीटर. रोमला १९६० मध्ये मांडीच्या स्नायूने दगा दिला, बेटीने खेळ सोडला, मग परत आली. १९६४ मध्ये टोकियोत महिलांची ४०० मीटर शर्यत ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच ठेवली होती. तिथे ब्रिटनच्या अ‍ॅन पॅकरला मागे टाकून ५२.० सेकंदांत सुवर्ण. १००, २०० आणि ४०० या तिन्ही अंतरांचं ऑलिम्पिक सुवर्ण आजवर दुसऱ्या कुणालाच मिळालेलं नाही, पुरुषांतही नाही. मार्जोरीच्या काळात ऑलिम्पिकमध्ये महिलांची ४०० नव्हतीच. तिची पुढची ओळख २००१ ते २००७ दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या गव्हर्नरपदाची.

सिडनी २००० च्या उद्घाटनाला दोघी एकाच स्टेडियममध्ये होत्या. ऑलिम्पिकचा ध्वज धरून आलेल्यांत मार्जोरी होती. आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराने पायांतलं बळ गेलेली बेटी व्हीलचेअरवर, हातात मशाल. खुर्ची ढकलत होती ऑस्ट्रेलियाचीच धावपटू रेलीन बॉइल.