क्रॅशचा पंचनामा

'प्रोग्राम आपोआप बंद पडला' एवढे एकच वाक्य असलेला बग रिपोर्ट, म्हणजे दोषाची तक्रार, सॉफ्टवेअर दुरुस्त करणाऱ्याच्या जवळजवळ काहीच उपयोगाचा नसतो. अपॅची, एक्लिप्स आणि मोझिला या तीन सॉफ्टवेअर प्रकल्पांतील डेव्हलपर आणि तक्रारदार यांना प्रश्न विचारून 2008 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यासाठी 466 जणांनी उत्तरे दिली होती. डेव्हलपरांना सर्वांत जास्त हवी असलेली माहिती, म्हणजे बिघाड पुन्हा घडवून पाहण्याच्या पायऱ्या आणि क्रॅशच्या क्षणीचा स्टॅक ट्रेस (प्रोग्रामच्या कोणत्या भागाने कोणाला बोलावले याची साखळी), हीच तक्रारदाराला द्यायला सर्वांत अवघड जाते, असे त्यातून दिसले. यात तक्रारदाराचा आळस शोधणे अन्यायाचे होईल. प्रोग्राम कोसळतो तेव्हा उपयोगाचा पुरावा संगणकाच्या मेमरीत असतो आणि प्रोग्रामबरोबरच तो पुसला जातो. म्हणून हा पंचनामा यंत्रानेच, घटनास्थळ बदलण्याआधी करावा लागतो.

क्रॅश बहुधा असा होतो: प्रोग्राम आपल्या मालकीच्या नसलेल्या मेमरीला हात लावू पाहतो, प्रोसेसर ती आज्ञा पाळायला नकार देतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्राम बंद करायला निघते. या मधल्या क्षणात मेमरीची नक्कल करून ठेवतात, तिला कोअर डम्प म्हणतात. जुन्या संगणकांची मेमरी चुंबकीय कड्यांची, म्हणजे 'कोअर'ची असे. कड्या गेल्या, नाव राहिले. संपूर्ण मेमरीची नक्कल फार मोठी होत असल्यामुळे बहुतेक वेळा तिची छोटी आवृत्ती, मिनिडम्प, पाठवला जातो. त्यात प्रत्येक थ्रेडचा (प्रोग्राममधील एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) स्टॅक, म्हणजे चालू कामांची मेमरीतील चळत, प्रोसेसरच्या रजिस्टरांमधील, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या कप्प्यांमधील, आकडे आणि त्या वेळी मेमरीत असलेल्या फाइलींची आवृत्त्यांसह यादी एवढेच असते. ही नक्कल शक्यतो कोसळलेल्या प्रोग्रामकडून करवून घेत नाहीत, कारण त्याची स्वतःचीच मेमरी बिघडलेली असू शकते. लिनक्सवर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, हा डम्प दुसऱ्या एका प्रोग्रामच्या हाती देऊ शकतो. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात त्या प्रोग्रामचे नाव ॲपोर्ट आहे.

मिनिडम्प उघडला की दिसतात नुसते आकडे. ग्राहकांना दिलेल्या प्रोग्राममधून फंक्शनांची, म्हणजे प्रोग्रामच्या छोट्या छोट्या भागांची, नावे बहुधा काढून टाकलेली असतात. शिवाय हल्लेखोरांना अंदाज बांधता येऊ नये म्हणून प्रोग्राम मेमरीत दर वेळी वेगळ्या जागी बसवला जातो, त्यामुळे एकाच बगचे पत्ते दोन संगणकांवर सारखे येत नाहीत. म्हणून प्रत्येक पत्त्यातून त्या फाइलीचा आरंभीचा पत्ता वजा करतात आणि उरलेले अंतर नेमक्या त्याच बिल्डच्या, म्हणजे प्रोग्रामच्या त्याच तयार प्रतीच्या, सिम्बॉल फाइलीशी (कोणत्या जागी कोणते फंक्शन आहे याच्या यादीशी) जुळवतात. तेव्हा कुठे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले आणि शेवटची ओळ कोणती होती, हे वाचता येते. बिल्ड एका दिवसाने जरी वेगळी असली, तरी नावे चुकीची निघू शकतात.

माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ पुढेच आहे. स्टॅकच्या वरच्या फंक्शनांवरून प्रत्येक क्रॅशला एक सही मिळते आणि सारख्या सहीचे हजारो अहवाल एका ढिगात पडतात. मोझिलाच्या फायरफॉक्स या ब्राउझरने 2008 मध्ये, तिसऱ्या आवृत्तीपासून, क्रॅशचे अहवाल गोळा करणारे ब्रेकपॅड हे साधन वापरायला सुरुवात केली. मोझिलाच्या सर्व्हरवर अशीच वर्गवारी होते. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी 2002 मध्ये ग्राहकांना लिहिले होते की, एक टक्का बगमुळे निम्म्या चुका घडतात. मोठ्याने तक्रार करणाऱ्याचा बग आधी दुरुस्त करायचा, की मुकाट्याने सोसणाऱ्या लाखोंचा, हा प्रश्न तोवर अंदाजाने सोडवला जाई. मोजणी सुरू झाल्यावर त्याला आधार मिळाला.

या ढिगांतून कधी अनपेक्षित गोष्टीही हाती लागतात. 2008 मध्ये विंडोजमधील एका अज्ञात त्रुटीवर हल्ले सुरू झाले होते. ते सगळीकडे यशस्वी होत नव्हते. फसलेला हल्ला विंडोजमधील पार्श्वभूमीवर चालणारी सेवा कोसळवत असे आणि तो क्रॅश अहवालाच्या रूपाने मायक्रोसॉफ्टकडे पोचत असे. त्या अहवालांतूनच हल्ल्याचा माग लागला आणि 23 ऑक्टोबर 2008 रोजी, मासिक वेळापत्रकाची वाट न पाहता, दुरुस्ती प्रसिद्ध करण्यात आली. पुढच्याच महिन्यात त्याच त्रुटीचा फायदा घेणारा कॉन्फिकर हा वर्म, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर स्वतःहून जाणारा घातक प्रोग्राम, पसरू लागला आणि ज्यांनी दुरुस्ती बसवली नव्हती त्यांना त्याने गाठले.

मात्र मेमरीच्या नकलेत क्रॅशबरोबर माणूसही येतो. अर्धवट लिहिलेले पत्र, पासवर्ड, उघडलेल्या पानाचा पत्ता, असे काहीही स्टॅकमध्ये पडलेले असू शकते. फेब्रुवारी 2018 मध्ये तेलुगूतील 'ज्ञा' या जोडाक्षराच्या एका विशिष्ट मांडणीने आयफोनवरील ॲप कोसळत होते. ही त्रुटी ॲपलने आयफोनच्या आयओएस या ऑपरेटिंग सिस्टीमच्या 11.2.6 या आवृत्तीत दुरुस्त केली. आपल्या जोडाक्षरांच्या लिप्यांमधले असे बिघाड समजायला नेमकी तीच अक्षरे हाती हवीत, आणि ती तर कोणाच्या तरी खासगी संदेशातली असतात. हा पेच पूर्णपणे सुटत नाही, पण तो सांभाळता येतो आणि तो सांभाळलाच पाहिजे: अहवाल पाठवण्याआधी परवानगी मागावी, वाटेत तो कूटबद्ध असावा आणि काम झाल्यावर मूळ डम्प पुसून टाकावा. ॲपोर्टने नोंदवलेले क्रॅश सुरुवातीला खासगी ठेवले जातात, जोडलेल्या माहितीत नाजूक काही नाही हे पाहिल्यावरच ते सर्वांसाठी खुले होतात आणि स्टॅक ट्रेस काढून झाल्यावर डम्प हटवला जातो, ही मला योग्य रीत वाटते.

शिवाय डम्प सांगतो तो फक्त शेवटचा क्षण. मेमरी बिघडवणारी चूक कदाचित दहा मिनिटे आधीच घडून गेलेली असते आणि तिचा मागमूस स्टॅकमध्ये नसतो. त्या दहा मिनिटांत काय केले, हे माणसालाच ठाऊक असते. म्हणून फायरफॉक्सच्या क्रॅशच्या खिडकीत टिप्पणीसाठी एक रिकामी चौकट असते. पाठवलेल्या अहवालांची यादी 'अबाउट:क्रॅशेस' या पत्त्यावर दिसते. तिथला क्रमांक, ज्याचे शेवटचे सहा अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस असतात, बग रिपोर्टमध्ये चिकटवला की, 'चित्र मोठे केले, मग टॅब बंद केला' हे आपले साधे वाक्य आणि यंत्राने जपलेला तो क्षण डेव्हलपरला शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात.