टँकर, कावीळ आणि छापील कागद

मराठवाड्यात उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला की टँकर फिरू लागतात आणि मागोमाग कुजबुज सुरू होते, गावात कावीळ शिरली. दवाखान्याआधी माणूस जातो कावीळ उतरवणाऱ्याकडे. परातीत चुन्याचं पाणी, त्यात हात चोळायचे, पाणी पिवळं पडलं की कावीळ उतरली! (हा पिवळेपणा चुन्याचा आणि हाताला चोळलेल्या झाडपाल्याचा. काविळीत रक्तात वाढणाऱ्या पिवळ्या बिलिरुबिनशी त्याचा संबंध नाही.) दूषित पाण्याची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण ओसरते, आणि उतरवणाऱ्याचं नाव होतं. गरोदर बाईच्या मात्र ती जिवावर बेतू शकते.

या काविळीची ओळख पटायला पाव शतक लागलं. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत सांडपाणी यमुनेतून पिण्याच्या पाण्यात शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. १९५७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’नं त्या साथीवर पुरवणीच काढली. रुग्णांच्या रक्ताचे काही नमुनेही जपून ठेवले गेले. तेच नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या आणि अमेरिकेच्या संशोधकांनी पुन्हा तपासले. काविळीचा ‘अ’ विषाणू नाही, ‘ब’ही नाही, हा निष्कर्ष १९८० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याच वर्षी डॉ. खुरू यांनी काश्मीरच्या साथीवरून हेच मांडलं. १९८३ मध्ये मॉस्कोचे विषाणूतज्ज्ञ बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि विषाणू दाखवला. तोच आज हिपॅटायटिस-ई.

असं काम छापायला नियतकालिकं लागतात. फक्त पोटाच्या विकारांना वाहिलेलं नियतकालिक बर्लिनमध्ये इस्मार बोआस यांनी १८९५ मध्येच काढलं होतं. आपल्याकडे ‘इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी’ १९८२ ला सुरू झालं.

मराठवाड्याचं काय? औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर) वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, १९५६ चं, दिल्लीच्या साथीच्याच सुमाराचं. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईचं ग्रामीण महाविद्यालय आलं, पुढे नांदेड, लातूर. रुग्णांची वाण कधीच नव्हती. मग २००९ मध्ये वैद्यकीय प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंध बंधनकारक झाले आणि निबंध छापायची घाई वाढली. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकंही फोफावली. नियमाचा हेतू चांगला होता, पण तो संख्या मोजत बसला, असं माझं मत.

खरं काम बऱ्याचदा एमडीच्या प्रबंधात असतं. रात्रपाळी सांभाळून दोन-तीन वर्षं गोळा केलेले रुग्ण, गावाचं नाव, पाणी टँकरचं की बोअरचं, बिलिरुबिन किती, बाई कितव्या महिन्याची. रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. परीक्षा झाली की एक प्रत विभागाच्या कपाटात जाते. दिल्लीची साथ छापली गेली होती, म्हणून पंचवीस वर्षांनी कुणाला तरी ती सापडली. या कपाटाची किल्ली लिपिकाकडे असते, आणि तो दुपारी जेवायला गेलेला असतो.