पारिजातक

(प्राजक्त, हिं. हरसिंगार, बं. शिउली, सं. शेफालिका). ओलिएसी कुलातील मोठे झुडूप किंवा लहान वृक्ष. शास्त्रीय नाव निक्टँथस आर्बर-ट्रिस्टिस. पहिल्या शब्दाचा अर्थ रात्रीचे फूल, पुढच्या दोहोंचा उदास झाड. लिनीअस यांनी १७५३ मध्ये हे नाव रूढ केले.

नावाचा घोळ जुना आहे. समुद्रमंथनातून निघालेला आणि श्रीकृष्णाने स्वर्गातून आणलेला पारिजात तो हाच, असे सर्रास मानले जाते. अमरकोशात मात्र पारिजातक हा शब्द देवतरूंखेरीज पारिभद्राच्या पर्यायांतही येतो आणि पारिभद्र म्हणजे बहुधा पांगारा. शेफालिका तेथे निर्गुडीजवळ जाते. उत्तर प्रदेशातील किंतूर येथे तर गोरखचिंचेलाच पारिजात म्हणून पुजतात. आजच्या झाडाला हे नाव नंतर चिकटले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कुलाविषयीही असेच झाले. बेंथॅम व हुकर यांनी ते ओलिएसीत ठेवले होते. चौकोनी कोवळ्या फांद्या आणि बीजकोशाची रचना पाहून एअरी शॉ यांनी १९५२ मध्ये ते निर्गुडीच्या, म्हणजे तेव्हाच्या व्हर्बिनेसी कुलात हलवले. काहींनी त्याचे स्वतंत्र कुलही मानले. दोन पुंकेसर हे ओलिएसीचे ठळक लक्षण त्यात असूनही वाद चालू राहिला. २००० मध्ये वॉलँडर व आल्बर्ट यांच्या डीएनए-अभ्यासाने ते पुन्हा ओलिएसीत आले. मराठी परिभाषेने या कुलाला आधीच ‘पारिजातक कुल’ म्हणून ठेवले होते, हा योग गमतीचा. जाई-जुई, ऑलिव्ह आणि थंड प्रदेशातील लायलॅक ही याच कुलातली. लायलॅकला फुलायला कडक हिवाळा लागतो, म्हणून पुण्यात तो साधत नाही. इंग्रजीत ‘पर्शियन लायलॅक’ म्हणतात तो बकाणनिंब अगदी वेगळ्या कुलातला.

रानात पारिजातक १० मी.पर्यंत जातो. पुण्याच्या परसात तो बहुधा ३ ते ५ मी.वर थांबतो किंवा थांबवला जातो. खोड जमिनीलगतच फुटत असल्याने झुडूप म्हणावे की झाड, हे पुष्कळदा कात्रीवर ठरते. पाने समोरासमोर व खरखरीत. बोट फिरवले तर पॉलिशपेपरसारखी लागतात. मूळचे खडकाळ, कोरड्या टेकड्यांवरचे झाड असल्याने मुरमाड जमीन त्याला मानवते. पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीत मुळे कुजण्याची भीती असते. उन्हाळ्यात पाने झडली म्हणून झाड वाळले असे समजू नये. ड्रममध्ये लावल्यास वाढ आपोआप खुंटते, फुले मात्र येतात.

फुले नव्या फुटीच्या टोकांशी येत असल्याने छाटणी बहर ओसरल्यावर, साधारण माघ-फाल्गुनात करतात. श्रावणात कात्री लावली की त्या वर्षीची फुले गेलीच. सावलीतले झाड उजेडाकडे झुकते आणि फांद्या कुंपणाबाहेर लोंबतात. झाड सत्यभामेच्या दारी आणि सडा रुक्मिणीच्या अंगणात, ही कथा ऐकलेल्या पुणेकराला शेजारच्या बंगल्यात पडणाऱ्या फुलांचे नवल वाटत नाही. भांडण झालेच तर पानांच्या कचऱ्यावरून होते.

फुले संध्याकाळी उमलतात आणि पहाटे गळतात. पांढऱ्या पाकळ्या, केशरी दांडी. पुंकेसर नळीला चिकटलेले असल्याने फूल अख्खेच निसटते व हिरवा पेला फांदीवर राहतो. जमिनीवरची फुले एरवी देवाला चालत नाहीत, पारिजातकाची चालतात. लाखोलीसाठी रात्रीच झाडाखाली जुने धोतर किंवा चादर अंथरून ठेवतात. दांड्यांतील रंगाने पूर्वी रेशीम रंगवीत. तो पक्का नसतो.

फळ चपटे, सुमारे २ सेंमी., तपकिरी, त्यात दोन कप्पे व प्रत्येकी एक बी. त्यापासून किंवा पावसाळ्यात फाटे लावून रोपे होतात.