दोन दिवसांपूर्वी काय लागलं होतं?

अंगावर काही उठलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला: "काल काय खाल्लंस?" मग वांग्यावर, अंड्यावर आळ येतो आणि आमसुलाचं पाणी चोळलं जातं. पित्ताच्या गांधींच्या बाबतीत हा संशय कधीकधी खरा ठरतो. पण अशी गांध एका जागी सहसा 24 तासही टिकत नाही. पुरळ त्याच जागी आठवडाभर खाजत, सोलत, पाझरत राहिलं, तर खाण्यापेक्षा स्पर्शाचा विचार आधी करावा.

अडचण वेळेची आहे. स्पर्शाच्या अ‍ॅलर्जीत रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे शरीराच्या रक्षणाच्या पांढऱ्या पेशी, आधी त्या पदार्थाची ओळख पटवून ठेवतात. तेव्हा काहीच दिसत नाही. पुढे पुन्हा स्पर्श झाला की एक-दोन दिवसांनी त्वचा पेटते. तोवर स्पर्श विसरलेला असतो. वर्षानुवर्षं वापरलेला कलप अचानक बाधतो, तोही असाच.

म्हणून जागा नीट पाहावी. कपाळाच्या मधोमध खाज आली तर टिकलीचा गोंद. बेंबीखाली आली तर जीन्सच्या बटणातलं निकेल. ओठांच्या कडेला आली तर आंबा. "आंबा उष्ण पडला" म्हणतात, पण बऱ्याचदा दोष देठाजवळच्या चिकाचा असतो. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले, त्यामुळे बिब्बा उतलेल्या माणसाला हा चीकही बाधू शकतो.

सर्वांत फसवं गाजर गवत. 1950च्या दशकात ते पुण्यात नजरेत भरलं आणि मग देशभर पसरलं. त्यातलं पार्थेनिन हे रसायन वाळलेल्या कणांबरोबर हवेतून येतं, म्हणजे गवताला हात लावायचीही गरज नाही. चेहरा आणि मान लाल होते, लोक उन्हाला दोष देतात. खूण अशी की पापण्या, कानामागची आणि हनुवटीखालची जागा, जिथे ऊन फारसं पोचतच नाही, तीही खाजते.

औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडची ट्यूब मात्र टाळा. खाज थांबते, पण नायटा असेल तर तो पसरतो आणि त्याची गोल कडही पुसली जाते. मग डॉक्टरलाही ओळखणं कठीण. नवं औषध सुरू केल्यावर पुरळासोबत ताप आला, तोंड सोललं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खात्रीसाठी पॅच टेस्ट असते. संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर 48 तास ठेवतात आणि त्या काढल्यावर एक-दोन दिवसांनी पाठ पुन्हा तपासतात, कारण काही प्रतिक्रिया उशिरा उमटतात. तोवर पाठ भिजवायची नाही. मे महिन्यात हे फार जड जातं.