दुखतंय, पण कुणाला?

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकाला मॉर्फीन टोचलं, की औषधाची रिकामी नळी त्याच्या कॉलरला अडकवून ठेवत. याला एकदा औषध मिळालंय, हे पुढच्या डॉक्टरला कळावं म्हणून. खूप रक्त गेलेल्या, गारठलेल्या माणसाच्या स्नायूंत रक्त जेमतेम फिरतं. तिथं टोचलेलं मॉर्फीन तिथंच पडून राहतं. दुखणं थांबत नाही म्हणून दुसरी सुई दिली जाते. पुढे रक्त चढवल्यावर सगळा साठा एकदम मेंदूकडे जातो आणि श्वास मंदावतो. आधीच घसरलेला रक्तदाबही मॉर्फीनने आणखी खाली येऊ शकतो. म्हणजे ज्याची जखम मोठी, त्याच्याच बाबतीत हात आखडता.

केटामाइन या भुलीच्या औषधाने ही कोंडी बरीचशी फोडली. अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस कंपनीसाठी कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने ते १९६२ मध्ये बनवलं. १९७० मध्ये तिथं मान्यता मिळाली आणि व्हिएतनाम युद्धात ते वापरातही आलं. चेतापेशींवरच्या एनएमडीए या ग्राहकांना, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, ते अडवतं. भुलीच्या मात्रेत माणूस उघड्या डोळ्यांनी पडून असतो, बहुधा श्वासही स्वतःच घेतो. शरीराशी मात्र त्याचं नातं तुटलेलं असतं. नाडी आणि रक्तदाब सहसा वाढतात. सहसाच. शरीराची सगळी राखीव ताकद संपलेल्या रुग्णात उलटंही घडतं.

नुसत्या वेदनेसाठी मात्र फार थोडं पुरतं. शिरेतून भूल द्यायला किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम लागतात, तर वेदनेसाठी ०.१ ते ०.३. खरी पंचाईत या दोन्हींच्या मधे आहे. तिथं रुग्ण धड जागा नसतो, धड भुलीतही नसतो; भास होतात, तो घाबरतो. छोटी मात्राही झटक्यात दिली तर सगळं अवास्तव वाटू लागतं. तीच सलाईनमधून पंधरा मिनिटांत सावकाश सोडली, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. तातडीच्या विभागात ही पंधरा मिनिटं काढणं सोपं नसतं, तरी ती काढावीत असं मला वाटतं. डोक्याला मार लागलेल्यांना केटामाइन नकोच, हा जुना दंडक मात्र नंतरच्या अभ्यासांत टिकला नाही.

अमेरिकी सैन्याच्या रणांगणावरच्या उपचारनियमांत, रक्तस्रावाने खचलेल्या जखमीसाठी आता केटामाइन सांगितलेलं आहे. वेदना आटोक्यात येईपर्यंत किंवा बुबुळं आपोआप थरथरू लागेपर्यंतच ते द्यायचं. आणि त्या जखमीकडचं शस्त्र काढून घ्यायचं.